विश्लेषण : मेडिसिनल केमिस्ट्रीत पीएच.डी.; कोर्सवर्क सहा महिन्यांचे, मग बाकीची वर्षे कशात जातात?

बी.फार्म., एम.फार्म. किंवा एम.एस्सी. केमिस्ट्री केलेल्या अनेक विद्यार्थ्यांना औषध संशोधनात जायचे असते आणि त्यासाठी पीएच.डी. लागते, हेही त्यांना ठाऊक असते. मात्र त्या पदवीसाठी नेमके काय करावे लागते, किती वर्षे जातात आणि त्या काळात पैशांची सोय कशी होते, याची कल्पना बहुतेकांना प्रवेश घेतल्यावरच येते. ती आधी आलेली बरी.

मेडिसिनल केमिस्ट्री म्हणजे काय?

रोगाशी संबंधित प्रथिनावर परिणाम करू शकेल असा रेणू आखणे, तो प्रयोगशाळेत तयार करणे, त्याची जैविक चाचणी करून घेणे आणि निष्कर्ष पाहून रेणूत बदल करणे, हे या शाखेचे काम. सिमेटिडिन हे जठरातील आम्ल कमी करणारे औषध याचे उत्तम उदाहरण. त्याच्या आधीचा मेटियामाइड हा रेणू गुणकारी होता, पण काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी त्यामुळे कमी झाल्या. संशोधकांनी त्यातील थायोयुरिया हा गट काढून त्या जागी सायनोग्वानिडिन गट बसवला आणि सिमेटिडिन तयार झाले. १९७६ मध्ये ते ब्रिटनच्या बाजारात आले. या संशोधनाचे प्रमुख जेम्स ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळाले. रेणूतला कोणता भाग बदलायचा आणि का, हे ओळखण्याचे शिक्षण म्हणजे ही पीएच.डी.

पात्रता काय?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असतील तर थेट प्रवेशाची तरतूदही आहे. मात्र या विषयात बहुतेक ठिकाणी एम.फार्म., एम.एस. (फार्म.) किंवा सेंद्रिय रसायनशास्त्रातील एम.एस्सी. झालेल्यांनाच पसंती मिळते. नायपरसारख्या संस्था स्वतंत्र कायद्याने चालतात. त्यांची परीक्षा आणि नियम वेगळे असल्याने त्यांची जाहिरात स्वतंत्रपणे वाचावी.

प्रवेश कसा मिळतो?

यूजीसीने २०२४-२५ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशाची सोय केली. ज्यांना जेआरएफ मिळालेली नाही, त्यांच्यासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो. हे गुण एक वर्ष ग्राह्य धरले जातात. राज्यातील विद्यापीठांच्या ‘पेट’ परीक्षेचा मार्गही आजवर अनेकांनी वापरला आहे.

फार्मसीच्या विद्यार्थ्यांची एक अडचण असते. सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये फार्मसी हा स्वतंत्र विषय नाही. त्यामुळे त्यांना रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्राचा पेपर द्यावा लागतो. ज्यांना फेलोशिप हवी आहे, त्यांनी एम.फार्म.च्या पहिल्या वर्षापासूनच त्यापैकी एकाची तयारी सुरू करावी.

कोर्सवर्कमध्ये काय असते?

किमान १२ क्रेडिट. त्यात संशोधन पद्धती आणि ‘संशोधन व प्रकाशन नीती’ हा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सर्वांना सक्तीचा आहे. उरलेली क्रेडिट विषयाची. त्यात साधारणपणे प्रगत सेंद्रिय संश्लेषण, एनएमआर व मास स्पेक्ट्रोमेट्रीवरून रेणूची रचना ओळखणे, रचना आणि परिणाम यांचा संबंध, औषधशास्त्र आणि संगणकाच्या मदतीने रेणूची आखणी हे विषय येतात. कोर्सवर्कमध्ये ५५ टक्के गुण किंवा तेवढी श्रेणी मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल) किंवा लखनौची केंद्रीय औषध संशोधन संस्था (सीडीआरआय) येथील विद्यार्थ्यांना ‘एसीएसआयआर’ या अकादमीची पदवी मिळते. तेथे नेहमीच्या विषयांबरोबर ग्रामीण भागाच्या प्रश्नांशी निगडित असा एक छोटा प्रकल्पही करावा लागतो.

त्यानंतरची वर्षे कशात जातात?

खरी पीएच.डी. येथून सुरू होते. कागदावर आखलेला रेणू पाच-सात टप्प्यांत तयार करावा लागतो. त्यातला एक टप्पा फसला की मार्गच बदलावा लागतो. रेणू तयार झाला तरी त्याची रचना आणि शुद्धता सिद्ध करावी लागते. या क्षेत्रातील प्रमुख नियतकालिके चाचणीला दिलेल्या संयुगांची शुद्धता किमान ९५ टक्के असावी अशी अट घालतात.

पुढची पायरी जैविक चाचणीची. ती बहुतेक वेळा दुसऱ्या विभागात किंवा दुसऱ्या संस्थेत होते. नमुने पाठवायचे आणि निकालाची वाट पाहायची, यात महिने जातात. प्राण्यांवर प्रयोग असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची पूर्वपरवानगी लागते. निकाल आला की पुन्हा नवे रेणू. दरम्यान प्रत्येक सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. शिवाय आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधन साहाय्याचे काम देता येते.

शोधनिबंध छापणे सक्तीचे आहे का?

२०१६ च्या नियमावलीत प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध आणि परिषदांतील दोन सादरीकरणे सक्तीची होती. २०२२ मध्ये यूजीसीने ही सक्ती काढली. मात्र संस्था स्वतःची अट ठेवू शकते आणि नोकरीच्या मुलाखतीत शोधनिबंधांबद्दल विचारतातच.

प्रबंधाची वाङ्मयचौर्य तपासणी होते. तो किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. त्यांचे अहवाल अनुकूल आले की तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा. प्रबंध सादर केल्यापासून ही सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवावी, असे नियम सांगतो.

वेळ आणि पैसा यांचा मेळ बसतो का?

पीएच.डी.ची किमान मुदत ३ वर्षे, कमाल ६. पुनर्नोंदणी केल्यास आणखी २ वर्षे मिळतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. महिलांना मातृत्व किंवा बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते.

जानेवारी २०२३ पासून जेआरएफला दरमहा ३७ हजार, तर एसआरएफला ४२ हजार रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. पण दोन्ही मिळून ही फेलोशिप ५ वर्षांचीच असते. पदवीची मुदत ६ वर्षे आणि फेलोशिप ५ वर्षे! संश्लेषण अडले किंवा चाचणीचे निकाल लांबले तर सहाव्या वर्षी काम सुरू राहते आणि पैसे थांबतात. घरची जबाबदारी असलेल्यांची ओढाताण होते ती याच टप्प्यावर. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्याही फेलोशिप आहेत. त्यांची मुदत आणि अटी प्रवेशाच्या वेळीच तपासाव्यात. नोकरी करणाऱ्यांना कंपनी किंवा महाविद्यालयाच्या ना हरकत प्रमाणपत्रावर अर्धवेळ पीएच.डी.ही करता येते.

अमेरिकेत वेगळे काय?

तेथे अनेक विद्यापीठे पदवीनंतर थेट पीएच.डी.ला प्रवेश देतात. त्यामुळे कोर्सवर्क मोठे असते आणि ते साधारण पहिली दोन वर्षे चालते. त्यानंतर पात्रता परीक्षा असते. अनेक ठिकाणी आपल्या विषयाबाहेरचा एखादा संशोधन प्रस्ताव स्वतः लिहून परीक्षकांपुढे त्याचे समर्थन करावे लागते. पदवीच्या विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या मोबदल्यात शुल्कमाफी आणि मानधन मिळण्याची पद्धतही रूढ आहे.

प्रवेशापूर्वी काय तपासावे?

कोर्सवर्कमुळे सहसा कुणाची पदवी लांबत नाही. ती लांबते यंत्रे, चाचण्या आणि मार्गदर्शक यांच्यामुळे. म्हणून चार प्रश्न आधीच विचारावेत. एनएमआर आणि एचपीएलसी संस्थेत आहे की नमुने बाहेर पाठवावे लागतात? जैविक चाचणी कोण करून देणार, आणि तसा करार झाला आहे का? मार्गदर्शकाकडे आधीच किती विद्यार्थी आहेत? प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. चौथा प्रश्न मार्गदर्शकाच्या निवृत्तीचा. सेवेची तीन वर्षेही उरली नसतील तर त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

या मार्गदर्शकाकडे आधी कोणत्या विषयांवर आणि कोणत्या वर्षी प्रबंध झाले, हे ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येते. शक्य असल्यास त्या प्रयोगशाळेत सध्या चौथ्या-पाचव्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला भेटावे. आपला वेळ कुठे गेला, हे त्याच्याइतके नेमके कुणी सांगू शकत नाही.