गिटारचा नेक जाड वाटतो? कानस हातात घेण्याआधी फोनचा कॅमेरा उघडा

एफ कॉर्ड धरला की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, दहा मिनिटांत मनगट भरून येतं, आणि मग कुणीतरी सांगतं, "तुझा हातच लहान आहे बे, गिटार तुझ्यासाठी नाही." नागपुरात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. हात बदलता येत नाही, हे खरं. पण गिटारचा नेक, म्हणजे आपण मुठीत धरतो तो लांब दांडा, मागून तासून बारीक करता येतो. माझ्या जुन्या अ‍ॅकॉस्टिक गिटारचा नेक मी घरीच तासलाय आणि आज त्यावर अर्धा-पाऊण तास आरामात वाजवतो.

अडचण एकच आहे: तासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. आणि माझ्याकडे "नेक जाड आहे" म्हणून जेवढी पोरं गिटार घेऊन आली, त्यातल्या बहुतेकांचा नेक ठीकच होता. दुखणं दुसरीकडे होतं. म्हणून आधी ते शोधू.

तार किती उंच आहे?

बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. याला अ‍ॅक्शन म्हणतात. डोळ्यांनी अर्धा मिलिमीटर नीट दिसत नाही, म्हणून फोन वापरायचा. पण फोन अगदी जवळ नेऊ नका. जवळून वाइड लेन्समध्ये कडा वाकड्या दिसतात आणि माप चुकतं. थोडं लांब उभं राहून 2x झूम करा, लेन्स तारेच्या पातळीत ठेवा, फोटो काढा आणि मग तो मोठा करून वाचा.

स्टीलच्या तारांच्या गिटारवर जाड ई तारेला साधारण 2.5 मिमी आणि बारीक ई तारेला 2 मिमीच्या आसपास अंतर असलं की बरं वाजतं. दुकानातून आणलेल्या स्वस्त गिटारवर ते साडेतीन-चार मिमी निघणं अजिबात नवलाचं नाही. अशा गिटारवर पट्टीच्या कुस्तीगिराचीही बोटं दुखतील. उपाय सोपा आहे: खालच्या बाजूला तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात ते सॅडल काढून त्याचा तळ घासायचा. बारावा फ्रेट तारेच्या मधोमध येतो, त्यामुळे तिथे 1 मिमी उंची कमी करायची तर सॅडल 2 मिमी घासावं लागतं. नवीन सॅडल स्वस्तात मिळतं. म्हणजे बिघडलं तरी परत फिरता येतं.

पुढचं माप कागदाचं. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या फ्रेटच्या आसपास तारेखाली झेरॉक्सच्या कागदाचे दोन-तीन तुकडे जेमतेम सरकायला हवेत. एक कागद सुमारे 0.1 मिमीचा असतो, म्हणजे 0.2 ते 0.3 मिमी. एटीएम कार्ड (0.76 मिमी) आरामात जात असेल तर नेक पुढे वाकलाय. त्यासाठी नेकच्या आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते, ती अ‍ॅलन कीने एका वेळी पाव फेराच फिरवायची.

आणि हो, तारा बदलून बघा. 12 नंबरच्या सेटचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर जातो. 10 नंबरचा सेट लावला की बोटांना लगेच फरक कळतो.

नागपूरचा उन्हाळा, आणि त्याहून जास्त कूलर

हा भाग बाहेरच्या व्हिडिओंमध्ये सापडणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या खाली जाते. ऑगस्टमध्ये तीच आर्द्रता 80 च्या घरात असते. गिटारला हवी असते 45 ते 55. लाकूड सुकलं की आडवं आकसतं, पण धातूचे फ्रेट आकसत नाहीत. मग नेकच्या कडेला फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि हात सरकवला की टोचतात. पोरं म्हणतात, नेक खराब आहे. नेकचा आकार तोच असतो, फक्त टोकं बारीक कानसेने गोल करायची असतात.

त्यात आपला कूलर. ज्या खोलीत तो चालतो तिथली हवा ओली असते, बंद केला की काही तासांत कोरडी. ओल्या हवेत गिटारची पुढची फळी फुगते आणि तारा वर उचलल्या जातात. कोरड्या हवेत फळी बसते आणि तारा खाली येऊन खरखर वाजतात. कूलरच्या झोतासमोर भिंतीला टांगलेली गिटार हे रोज सोसते. तिला केसमध्ये, कूलरपासून लांब ठेवा. फोनचं वेदर अ‍ॅप बाहेरची आर्द्रता दाखवतं, तुमच्या खोलीची नाही. बहुतेक फोनमध्ये त्याचा सेन्सरच नसतो. ऑनलाइन मिळणारं छोटं डिजिटल आर्द्रतामापक केसजवळ ठेवलं की भागतं.

म्हणून माझा नियम असा: नेक तासायचा निर्णय एका ऋतूच्या मापावर घ्यायचा नाही. मेमध्ये फोटो काढा, ऑगस्टमध्ये काढा, मग ठरवा.

हे सगळं करूनही मूठ भरते?

मग तासण्यात अर्थ आहे. पण आतलं गणित बघा. माझा नेक पहिल्या फ्रेटजवळ 22 मिमी जाड होता. त्यात वरची फ्रेटबोर्डची पट्टी 6 मिमीची आणि ट्रस रॉडची खाच सुमारे 10 मिमी खोल. राहिलं किती? 6 मिमी. मधोमध तीन मिमी काढले तर सळईवर तीनच मिमीचं लाकूड उरतं. शिवाय ढोबळमानाने कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: 22 चे 20 मिमी केले की तो जवळजवळ चौथ्या हिश्शाने कमी होतो. तार तेवढ्याच जोराने ओढत राहते.

सुदैवाने हाताला जाडी सहसा मधे लागत नाही, लागते ती खांद्यांना, म्हणजे नेकच्या पाठीचा मधला भाग आणि कडा यांच्या मधल्या उताराला. इंग्रजी डी अक्षरासारखा चौकोनी खांद्यांचा नेक सी सारखा गोल केला की मधली जाडी तीच राहूनही मूठ नीट मिटते. मी खांद्यांवरून दीड मिमी काढलं. मधून फक्त वार्निश.

ज्या गिटारला ट्रस रॉड नाही, नायलॉन तारांची क्लासिकल गिटार धरून, तिला हात लावू नका. वॉरंटीतल्या गिटारलाही नको.

तासण्याआधी आकार टिपून ठेवा. सोल्डरची तार नेकच्या पाठीवर दाबून वाकवा, अलगद काढून आलेख कागदावर ठेवा, पेन्सिलने रेघ मारा. पहिल्या, पाचव्या आणि नवव्या फ्रेटला असं करा आणि प्रत्येकाचा बरोबर वरून फोटो घ्या. ज्याची गिटार तुमच्या हाताला छान बसते त्याच्या नेकचीही अशीच रेघ घ्या. दोन रेघा एकावर एक ठेवल्या की कुठून किती काढायचं ते समोर दिसतं.

आधी लकडगंजमधून सागवानाचा एखादा टाकाऊ तुकडा आणून त्यावर हात बसवा. मग तारा काढा, फ्रेटबोर्डच्या कडा आणि पाठीचा मधला बोटभर पट्टा मास्किंग टेपने झाका. टेपच्या आत फक्त दोन खांदे उघडे राहतात. खरखरीत लाकडी कानसेने लाकडाच्या रेषेच्या दिशेने लांब हात मारायचे. वरचं टोक आणि बॉडीजवळचा जाड भाग सोडून द्या, नेकची ताकद तिथे असते. रेघेपासून अर्धा मिमी बाकी असताना कानस ठेवा आणि 120 नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी बुटाला पॉलिश करताना कापड ओढतात तशी दोन्ही हातांनी ओढा. मग लाकडाच्या दिशेने 180, 240, 400. मास्क लावा, ही धूळ छातीला वाईट.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. तिथले कारागीर जवारी काढतात, म्हणजे तारेखालच्या घोडीचा माथा घासतात, तेव्हा थोडं घासतात, तार वाजवून ऐकतात, पुन्हा थोडं घासतात. आपणही दर दहा मिनिटांनी मूठ मिटून बघायची आणि सोल्डरची तार परत लावायची.

काहींना एवढंही लागत नाही. नेक घामाने चिकट वाटत असेल तर पाठीवरची चकाकी भांड्याच्या हिरव्या घासणीने हलकेच मारा. जाडी तीच, पण हात सुळकन सरकतो.

उघडं लाकूड झाकायचं कसं

मी जवसाचं तेल लावलं. चटणीच्या जवसाचं खायचं तेल वाळायला फार वेळ घेतं. हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड मिळतं ते घ्या. पातळ हात, दहा मिनिटांनी पुसून टाका, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे चार-पाच हात.

पुसलेली चिंधी मात्र चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि गोळा केलेली चिंधी काडी न लावता पेट घेऊ शकते. नागपूरच्या उन्हाळ्यात तर गच्चीवरच्या खोलीत हा धोका खराच. चिंधी पाण्यात बुडवून ठेवा किंवा बाहेर एकेरी पसरून वाळवा.

तेल पूर्ण वाळल्यावर तारा चढवा, ट्यून करा आणि एक दिवस तशीच राहू द्या. नेक आता थोडा लवचिक झालेला असतो, त्यामुळे कागदाचं माप परत घ्या. माझ्याकडे ते दोन कागदांवरून चारवर गेलं होतं. ट्रस रॉड पाव फेरा फिरवला, दुसऱ्या दिवशी परत मोजलं, अडीचवर आलं.