कुत्र्यांतील स्वादुपिंडशोथ : लक्षणे व उपचार

लखनौच्या दक्षिणेस, रायबरेली मार्गावर तेलीबाग ही वस्ती आहे. तेथील काय किंवा आपल्याकडील काय, लग्नसराईत उरलेली पुरी-कचोरी, तळण अथवा मटणाची चरबी घरच्या कुत्र्यापुढे कौतुकाने ठेवली जाते. हे कौतुक कधी कधी त्याच्या जिवावर बेतते.

स्वादुपिंड ही जठर व लहान आतड्याचा आरंभीचा भाग यांलगतची ग्रंथी होय. मेद, प्रथिने व पिष्टमय पदार्थ पचविणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, ती तयार करते. प्रथिने पचविणारी विकरे ग्रंथीत सुप्तावस्थेत असतात व आतड्यात पोचल्यावरच कार्यक्षम होतात. ती ग्रंथीतच अकाली जागृत झाली, तर ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हाच स्वादुपिंडशोथ. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५६ साली कुत्र्याच्या स्वादुपिंडनलिकेत तेल व पित्त सोडून हा विकार प्रयोगाने घडवून दाखविला होता. माणसाच्या या रोगाचे ज्ञानही अशा प्रयोगांतून वाढले.

पुष्कळदा रोगाचे निश्चित कारण सापडत नाही. तथापि स्निग्ध खाणे व लठ्ठपणा यांमुळे धोका वाढतो. मिनिएचर श्नाउझर या जातीत तो विशेष आढळतो.

वारंवार ओकारी, अन्नावरील वासना उडणे, ग्लानी व पोटदुखी ही प्रमुख लक्षणे होत. पुढचे पाय जमिनीला टेकवून व मागचा भाग उंच धरून कुत्रे उभे राहिल्यास पोटात वेदना असल्याचा संशय घ्यावा. मात्र गिळलेले हाड अडकले असताही अशीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून रक्तातील स्वादुपिंडीय लायपेजची तपासणी व सोनोग्राफी यांच्या आधारे पशुवैद्य निदान करतात.

उपचारांत शिरेवाटे द्रव देणे, वेदना शमविणे व ओकारी थांबविणे यांना अग्रस्थान आहे. पूर्वी रोग्यास कित्येक दिवस उपाशी ठेवीत. आता ओकारी आटोक्यात येताच अल्पस्निग्ध अन्न थोडेथोडे सुरू करतात, कारण उपासाने आतड्याचे अस्तर दुबळे होते. प्रतिजैविकांची गरज सरसकट नसते. माणसांसाठी असलेली आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घरच्या घरी कदापि देऊ नयेत. ती कुत्र्यास विषारी ठरतात.

सौम्य रोग बहुधा बरा होतो. तीव्र रोगात मूत्रपिंडे व फुप्फुसेही निकामी होऊन मृत्यू ओढवतो. म्हणून ओकारी थांबत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याकडे जावे. आणि मेजवानीतील उरलेले तळण कुत्र्याच्या ताटलीत मुळीच वाढू नये.