एका प्रोग्रामासाठी सगळी प्रणाली का बांधावी?

बीदर, भालकी वा आळंद येथील एखाद्या विद्यार्थ्याने जुन्या संगणकावर ‘फ्रीबीएसडी’ ही प्रणाली मुळापासून पुन्हा बांधायला घेतली, तर काही तास सहज जातात. मध्येच वीज गेली तर खोळंबा ठरलेला. दोष मात्र बहुधा एखाद्याच प्रोग्रामात असतो.

१९९३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या प्रणालीचा सारा स्रोत एकाच वृक्षात मांडलेला आहे. प्रत्येक प्रोग्रामाला स्वतःची निर्देशिका आणि तीत स्वतःची ‘मेकफाइल’. तेथे जाऊन ‘मेक’ व नंतर ‘मेक इन्स्टॉल’ अशी आज्ञा दिली, की तेवढाच प्रोग्राम बांधला जाऊन जागेवर बसतो.

सोय मोठी, पण डोळे झाकून वापरण्याची नव्हे. डिसेंबर २०११ मध्ये ‘टेलनेटडी’त असा दोष उघड झाला, की दूरवरचा परका माणूस यंत्राचा सर्वाधिकार बळकावू शके. चूक मुळात ‘लिबटेलनेट’ या लायब्ररीत होती आणि ही लायब्ररी प्रोग्रामाच्या पोटातच मिसळली जाते. म्हणून आधी लायब्ररी, मग टेलनेटडी, हाच क्रम. जुनी लायब्ररी तशीच ठेवून टेलनेटडी बांधणाऱ्याचे यंत्र उघडेच राहिले असते, आणि त्याला त्याचा पत्ताही लागला नसता.

दुसरे पथ्य आवृत्तीचे. स्रोत आणि चालू प्रणाली एकाच आवृत्तीची हवी. जुना प्रोग्रामही आधी नकलून ठेवावा. विशेषतः ‘आयनिट’सारखा असेल तर, कारण तो बिघडल्यास यंत्र सुरूच होत नाही.