घाट, गिअर आणि वंगण

कार्तिकी एकादशीला साजगावला ताकईच्या विठोबाची यात्रा भरते. यात्रेत सुक्या बोंबलांचा मोठा बाजार असतो, म्हणून लोक त्याला लाडाने 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. पूर्वी माणसे इथे पायी नाहीतर बैलगाडीने येत; आता टेंपो, जीपा आणि मोटारी येतात. कोणी कर्जतकडून येतो, कोणी बोरघाट उतरून. या गाड्या रात्रभर उभ्या राहिल्या आणि सकाळी हलल्या, की मागे जमिनीवर दोनचार ठिकाणी तेलाचे काळे ठिपके दिसतात. मालकाला विचारावे तर तो म्हणतो, "चालायचंच मास्तर, जुनी गाडी आहे!" मला आज बोलायचे आहे ते या ठिपक्यांविषयी.

आधी गिअर म्हणजे काय ते पाहू. बोरघाटातून चाकाच्या वाहनांचा रस्ता 1830 साली खुला झाला. त्या वाटेने भरलेली बैलगाडी चढवायची म्हणजे जादा बैल जोडावे लागत. मोटारीला जादा इंजिन काही जोडता येत नाही. आहे त्याच इंजिनाचा वेग कमी करून जोर वाढवायचा, एवढीच युक्ती हाती राहते. ती युक्ती गिअरबॉक्समध्ये असते. 15 दात्यांचे चक्र 45 दात्यांच्या चक्राला फिरवू लागले, तर लहान चक्राचे तीन फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक. वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि फिरवण्याचा जोर, घर्षणात जाईल तेवढा सोडून, तिप्पट होतो. शिक्षकबंधूंनी वर्गात सायकल उलटी करून मुलांना दाते मोजायला लावावेत. तिथे पुढची चकती मोठी आणि मागची लहान, म्हणून वेग वाढतो आणि जोर घटतो. मोटारीच्या पहिल्या गिअरात नेमके याच्या उलट होते.

चढाचे हे गणित ड्रायव्हर मंडळींना सांगावे लागत नाही. इंजिनच कुरकुरून सांगते. गोंधळ होतो तो उतारावर. डिझेल वाचते म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घाट उतरण्याची खोड पुष्कळांना आहे. खंडाळा ते खोपोली सुमारे पाचशे मीटरचा उतार. दहा टनांचा भरलेला ट्रक एवढा खाली आला, की जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात दीडशेहून अधिक लिटर पाण्याला उकळी फुटेल. गिअर टाकलेला असेल, तर यातला मोठा वाटा इंजिन आपल्या अंगावर घेते. न्यूट्रलमध्ये मात्र जवळजवळ सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात, लायनर धरेनासे होतात, आणि पाय दाबलेला असूनही गाडी थांबत नाही. बरे, डिझेल तरी वाचते का? आजच्या बहुतेक गाड्यांत, गिअर असताना आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना, इंजिनाला इंधन मिळणे जवळजवळ बंदच होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते खर्चावे लागते! तेव्हा जो घाट ज्या गिअरवर चढला असता, निदान तेवढ्या खालच्या गिअरवर तो उतरावा. आणि तो गिअर उतार लागण्यापूर्वीच टाकावा. वेग आल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि त्या खटपटीत गाडी नेमकी न्यूट्रलमध्ये अडकते.

आता ठिपक्यांकडे येऊ. माझ्याच जुन्या जीपचे सांगतो. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून थेंब थेंब तेल जात होते. मी वर्षभर काणाडोळा केला. मग चौथ्या गिअरात बारीक घुंई ऐकू येऊ लागली, आणि बॉक्स उघडला तेव्हा बेअरिंगही गेले होते. सील स्वस्तात मिळाले असते. खर्च झाला तो बॉक्स उतरवण्याचा, बेअरिंगचा आणि आठ दिवस गाडी उभी राहिल्याचा. गिअरबॉक्समधले तेल इंजिनासारखे जळत नाही. ते कमी झाले म्हणजे कुठूनतरी गळलेच आहे असे समजावे.

हे तेल पाहायचे कसे? बहुतेक हातगिअरच्या गाड्यांत बॉक्सच्या कुशीला एक बोल्ट असतो. गाडी सपाट जागी उभी करून तो काढला, की तेल त्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत दिसले पाहिजे. तेल बदलताना आधी हा वरचा बोल्ट सैल होतो का ते पाहा आणि मगच खालचा खोला. नाहीतर तेल सोडून बसाल आणि भरायची वाट जाम! खालच्या बोल्टाला लोहचुंबक असेल तर त्यावर करडा मऊ लेप सापडतो. तो झिजेचा आहे, त्याला भिऊ नये. लोखंडाचे तुकडे सापडले तर मात्र बॉक्स उघडावा लागेल. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी नेली असेल आणि तेल दुधी दिसले, तर पाणी शिरले आहे. ते ताबडतोब बदलावे. तेल कुठले, ते गाडीच्या पुस्तकात पाहावे. जाड तेल चांगले असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. काही तेलांतली गंधकयुक्त द्रव्ये गिअरबॉक्सच्या पितळी कड्यांना बाधतात. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांचे तेल तर निराळेच असते.

मिस्त्रीकडे जाण्यापूर्वी घरी एक परीक्षा करून पाहा. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष बहुधा क्लच पुरता न सुटण्याचा आहे. गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो, तर संशय बॉक्सच्या पुढच्या बेअरिंगवर घ्यावा. दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लचचे बेअरिंग पाहायला सांगावे. इंजिन घोंघावते पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लचप्लेट घसरते आहे. ही प्लेट अकाली झिजते ती पुष्कळदा आपल्याच डाव्या पायाने. चालवताना तो क्लचवर टेकवून ठेवायची सवय लागते, बरं का! तसाच डावा हात गिअरच्या दांड्यावर विसावलेला असतो. त्याचे ओझे आतल्या फोर्कवर पडते आणि तो फिरत्या कड्यावर विनाकारण घासत राहतो.