पावसाळ्यातला मुक्काम

बौद्ध भिक्खूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकाच ठिकाणी राहायचे, याला वर्षावास म्हणतात. आषाढ पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी तो सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. एरवी भिक्खूने गावोगाव चारिका, म्हणजे भ्रमंती, करायची. ऋतू पालटला की मात्र मुक्काम धरायचा.

या नियमामागची हकिकत विनयपिटक या भिक्खूंच्या आचारनियमांच्या ग्रंथात आहे. भिक्खू भर पावसात हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव त्यांच्या पायांखाली मरतात, अशी लोकांची तक्रार होती. पाखरेसुद्धा या दिवसांत झाडावर घरटे करून राहतात, मग यांनाच काय झाले, असे लोक विचारत. त्यावर बुद्धांनी वर्षावासाचा नियम घातला. म्हणजे विसावा हा त्याचा मूळ हेतू नव्हे. जमिनीतून नुकते वर येणारे सुखाने वाढावे म्हणून माणसाने थांबायचे होते, आणि त्या थांबण्यातच ध्यानाला, अध्ययनाला सलग वेळ मिळाला. इतरांसाठीचे हे थांबणेच या प्रथेत सर्वांत मोलाचे आहे.

नियम कठोर होता, पण निष्ठुर नव्हता. आईवडील आजारी असले तर भिक्खूला सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येई.

असा मुक्काम कसा असेल, हे मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीला पावसाळ्यात गेले की कळते. इथे शंभरांहून अधिक लेणी आहेत. पुढे ओसरी, आत निजायला कोरलेला दगडी ओटा आणि जवळ पाण्याचे टाके, अशी अनेक लेण्यांची रचना आहे. कातळात खोदलेल्या चरांतून पावसाचे पाणी टाक्यांत उतरते. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ हा शब्द आहे. ओसरीत बसले की समोर फक्त धारा आणि ओले रान दिसते. पुढे असे विहार बारमाही वस्तीचे झाले.

मुक्कामाची सांगता पवारणेने होते. आपली चूक कोणी पाहिली, ऐकली किंवा तशी शंका आली असेल तर ती सांगावी, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो.

महाराष्ट्रात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1956 च्या धम्मदीक्षेनंतर वर्षावास गृहस्थांचाही झाला. वर्षावासाच्या काळात अनेक विहारांत आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. भिक्खूची ज्येष्ठता मात्र आजही वयावरून ठरत नाही. त्याचे वर्षावास किती झाले, ते मोजतात.