मुनीम बदलावा, वही बुडू नये

कनेरगाव नाका हे हिंगोली आणि वाशीम या दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरचे गाव. अलीकडे मराठवाडा, पलीकडे विदर्भ. १९४८ पूर्वी ही दोन राज्यकारभारांची हद्द होती. इकडे निजामाचे हैदराबाद संस्थान, तिकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. संस्थानात बाहेरचा माल आणला की करोडगिरी, म्हणजे जकात भरावी लागे. नाणेही वेगळे होते. इकडे हाली शिक्का चालायचा, तिकडे कलदार.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानी राजवट संपली. त्या दिवसांत माणसांवर जे गुदरले तो निराळा आणि दुःखाचा विषय आहे. येथे आम्ही फक्त हिसाबापुरते बोलतो. राजवट बदलली, पण हाली रुपया दुसऱ्या दिवशी कवडीमोल झाला नाही. ७ हाली रुपयांना ६ भारतीय रुपये असा दर ठरला. पुढे नवे हाली चलन निघणे थांबले, तरी हातातले चलन १९५९ पर्यंत पूर्ण रद्द झाले नाही. ज्याचे घेणे हाली रुपयांत लिहिलेले होते त्याला ते नव्या नाण्यात वळते करून पुढे ओढता आले. वरचा कारभारी बदलला, खालची शिल्लक राहिली.

आज आम्ही जो विषय घेतला आहे तो संगणकाचा आहे, पण त्याचे मर्म हेच आहे. चालू संगणकाचा मुख्य कारभारी बदलायचा आणि त्याच्या ताब्यातल्या चालू कामातले काही हरवू द्यायचे नाही, हे कसे साधावे? जगातल्या मोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर काही वर्षे या एका प्रश्नावर घाम गाळत आहेत. आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी तो समजून घेण्यासारखा आहे, कारण आपला हिसाबही आता त्याच यंत्रांत बसलेला आहे.

कर्नेल म्हणजे कोण?

संगणकात हिसाबाचे, बिलाचे, पत्राचे असे अनेक कार्यक्रम चालतात. त्या सर्वांच्या वर एक कार्यक्रम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. पेढीवरचा मुनीम समजा. कोणत्या फळीवर कोणाचा माल आहे, कोणाची पाळी आहे, दारात आलेले गाठोडे कोणाचे आहे, हे सगळे तोच ठरवतो. लिनक्स हे असेच एक कर्नेल. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ते १९९१ मध्ये लिहायला घेतले. ते कोणालाही मोफत वापरता व सुधारता येते. आज जगातल्या मोठ्या सर्व्हर यंत्रांपैकी फार मोठा हिस्सा लिनक्सवर चालतो.

अशी यंत्रे आपल्यापासून लांब नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत सुरू केले. तेथल्या एकेका यंत्राच्या पोटात अनेक गिऱ्हाइकांचे वेगवेगळे 'आभासी' संगणक एकाच वेळी चालतात. एका वाड्यात दहा दुकाने भाड्याने दिलेली असावीत, तसे. आता त्या वाड्याचा मुनीम बदलायचा तर दहाही दुकानांची शटर खाली ओढायची का?

मुनीम बदलावा लागतोच

कोणी म्हणेल, चांगले चालले आहे तर बदलता कशाला? कारण कर्नेलमध्ये उणिवा सापडत राहतात आणि त्या उणिवांतून चोर आत येतो. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाऊन आणि स्पेक्टर या नावांचे दोष जाहीर झाले. ते संगणकाच्या प्रोसेसरच्या रचनेतच होते. त्यांना आळा घालायला जगभरच्या कर्नेलमध्ये घाईघाईने दुरुस्ती करावी लागली आणि असंख्य यंत्रे बंद करून पुन्हा चालू करावी लागली.

दुरुस्ती टाळली तर काय होते, तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा घातकी प्रोग्राम जगभर पसरला. न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे संगणक त्यात सापडले आणि कंटेनरची आवकजावक विस्कळीत झाली. तो प्रोग्राम ज्या वाटांनी पसरला त्यांतली एक वाट बुजवणारी विंडोजची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच आलेली होती.

उलट घाईची आणि न तपासलेली दुरुस्तीही घात करते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष सुधारणा सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना घेऊन बसली. आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. म्हणजे बदलले नाही तरी धोका, आणि वाईट रीतीने बदलले तरी धोका.

रफू आणि नवे कापड

आजवर यावर तीन उपाय होते. पहिला, यंत्र बंद करून चालू करणे. त्यात स्मरणातले सगळे पुसले जाते आणि मोठे यंत्र पुन्हा उभे राहायला कित्येक मिनिटे घेते. दुसरा, दुकाने शेजारच्या रिकाम्या वाड्यात हलवणे. त्यासाठी शेजारी तेवढी मोकळी जागा हवी आणि हमाली फार. काही दुकानांची अवजारे भिंतीतच बसवलेली असतात, ती हलत नाहीत.

तिसरा उपाय आमच्या धंद्यातला वाचक लगेच ओळखेल. तो म्हणजे रफू. चालू कर्नेलमधला फाटका तेवढाच भाग काढून तेथे नवा धागा भरायचा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत २००८ च्या सुमारास केस्प्लाइस नावाने हे काम झाले आणि एप्रिल २०१५ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ४.० आवृत्तीत ही सोय अधिकृतपणे आली. ती उपयोगी आहे. पण रफूगाराला विचारा, तो सांगेल की रफूला मर्यादा असते. छोटे भोक बुजते. ताणाबाणाच बदलायचा असेल तर नवे कापडच घ्यावे लागते.

नवे कापड घेण्याची एक जलद रीत लिनक्समध्ये २००५ पासून आहे. तिला केएक्झेक म्हणतात. जुने कर्नेल यंत्र बंद न करता सरळ नव्या कर्नेलच्या हाती कारभार देते. वेळ वाचतो. पण नवा मुनीम आला तो कोरा. फळीवरचा माल कोणाचा, हे त्याला माहीत नाही. त्याला सगळी फळी रिकामीच दिसते आणि तो दुसऱ्याच्या मालावर आपला माल रचून मोकळा होतो.

नवी रीत : यादी, कोपरा आणि लिफाफा

जुलै २०२५ मध्ये लिनक्सची ६.१६ ही आवृत्ती आली. तिच्यात केएक्झेक हँडओव्हर नावाची सोय दाखल झाली. हँडओव्हर म्हणजे ताबा देणे. बाजारात एकमेकांचे गिऱ्हाईक ओढणाऱ्या ॲमेझॉन, गुगल आणि मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांचे इंजिनिअर या कामात एकत्र होते, हेही नोंद घेण्यासारखे आहे. रीत थोडक्यात अशी :

पहिली गोष्ट यादी. जुना मुनीम जाण्यापूर्वी लिहून ठेवतो की स्मरणाच्या अमुक अमुक फळ्यांवर अमानत आहे, त्यांना हात लावू नये. माल जागचा हलत नाही, फक्त त्याची यादी होते.

दुसरी गोष्ट कोपरा. यंत्र प्रथम चालू होते तेव्हाच थोडी जागा राखून ठेवलेली असते आणि तेथे कोणाचीही अमानत ठेवत नाहीत. नवा मुनीम आला की सुरुवातीला त्या कोपऱ्यातच बसतो. यादी पूर्ण वाचून होईपर्यंत त्याने उरलेल्या पेढीत पाऊल टाकायचे नाही. यादीतल्या फळ्यांवर खुणा झाल्या की मग बाकीची मोकळी जागा त्याच्या ताब्यात येते.

तिसरी गोष्ट लिफाफा. यादी कोणत्या नमुन्यात लिहिली आहे, हे तिच्यावरच नोंदलेले असते. नव्या मुनिमाला तो नमुना वाचता येत नसेल तर त्याने अंदाजाने काम सुरू करायचे नाही, ताबा नाकारायचा. चुकीचे वाचून दुसऱ्याचा माल तिसऱ्याला देण्यापेक्षा थांबलेले बरे.

या पायावर पुढे लाइव्ह अपडेट ऑर्केस्ट्रेटर नावाची व्यवस्था रचली गेली. कोणती कामे जपायची, त्यांची बांधाबांध केव्हा करायची, नव्या कर्नेलकडून ती कोणी आणि केव्हा सोडवून घ्यायची, याचा क्रम ती सांभाळते. मधल्या काळात दुकाने क्षणभर श्वास रोखून थांबतात, पण त्यांचा माल जागच्या जागी असतो. गिऱ्हाइकाला वाटते, पडदा जरा हलला.

सर्वांत अवघड काम हमालांचे आहे. नेटवर्कचे कार्ड, डिस्क यांसारखी उपकरणे मुनिमाला न विचारता थेट फळीवर गाठोडी आणून टाकतात. मुनीम बदलत असतानाही ती थांबत नाहीत. म्हणून कोणत्या हमालाला कोणत्या फळीची परवानगी आहे, तो नकाशाही तसाच्या तसा पुढे द्यावा लागतो. नाहीतर गाठोडे भलत्याच्या मालावर पडते. सगळ्या प्रकारच्या उपकरणांसाठी हे साधण्याचे काम अजून चालू आहे.

ताबा नीट दिला नाही तर

शिल्लक पुढे ओढली गेली नाही तर काय होते, हे समजायला संगणकशास्त्र लागत नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. जुन्या करांतली शिल्लक क्रेडिट ट्रान-१ नावाचा फॉर्म भरून नव्या खात्यात ओढायची होती. पोर्टलच्या अडचणींमुळे अनेक व्यापाऱ्यांचे फॉर्म मुदतीत गेले नाहीत आणि हक्काची रक्कम अडकली. लोक न्यायालयांत गेले. अखेर २२ जुलै २०२२ रोजी फिल्को ट्रेड सेंटर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोर्टल पुन्हा उघडण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ अशी दोन महिन्यांची संधी मिळाली. ५ वर्षे गेली. लहान दुकानदाराला ५ वर्षे अडकलेले भांडवल म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कायदा बदलणे गैर नव्हते. जुनी बाकी नव्या वहीत नेण्याची वाट पुरती पक्की नव्हती, ही खरी उणीव.

आपण काय करावे?

नाक्यावरच्या दुकानातल्या एका संगणकावर वर सांगितलेली यंत्रणा नसते, तिची गरजही नसते. पण तिच्यामागची शिस्त आपल्याला फुकट घेता येते.

एक, दुरुस्ती टाळू नये, पण तिची वेळ आपण ठरवावी. लग्नसराईच्या गर्दीत किंवा ईदच्या आदल्या दिवशी नको. विजेची खात्री असेल तेव्हाच करावी.

दोन, दुरुस्तीपूर्वी हिसाबाची प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढावी आणि ती उघडते का, ते दुसऱ्या संगणकावर पाहून घ्यावे. न उघडणारी प्रत म्हणजे किल्ली हरवलेली तिजोरी.

तीन, हिसाबाचे सॉफ्टवेअर बदलताना नुसती एकूण बाकी नव्या वहीत ओढू नये. गिऱ्हाईकवार, बिलवार आणि तारखेसह ओढावी. एकूण आकडा जुळतो आणि आतली नावे चुकतात, असे होऊ शकते. मग एकाची उधारी दुसऱ्याच्या दारात मागायला आपण जातो. आधीच्या व नंतरच्या याद्या कागदावर काढून शेजारी ठेवाव्यात आणि दोन माणसांनी ताळा करावा.

चार, जुने सॉफ्टवेअर ताळा जुळेपर्यंत काढून टाकू नये.

पाच, ज्याच्याकडून सेवा घेतो त्याला विचारावे : तुमचे यंत्र बदलताना माझी चालू नोंद कोठे राहते? अर्धे झालेले बिल राहते की जाते? उलगडा नीट होत नसेल तर दुसरा माणूस शोधावा.

सूरे बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि त्याला साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. आपली लिहिण्याची वही लाल कापडी बांधणीची होती, आता ती काचेची झाली. लिहिणारा मुनीम माणूस होता, आता कर्नेल आहे. दुसऱ्याची अमानत आपल्या ताब्यात असते तोवर कारभारी कितीही बदलोत, ती जशीच्या तशी परत देण्याची जबाबदारी आपलीच आहे. या महिन्याची खतावणी बंद करण्यापूर्वी आमच्या बंधूंनी निदान एक प्रत काढून ती उघडून पाहावी, एवढीच विनंती.