ग्रँड पोर्टेज
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिनेसोटा राज्यातले, सुपीरिअर सरोवराकाठचे ऐतिहासिक फर-व्यापार ठाणे. नॉर्थ वेस्ट कंपनीचे हे प्रमुख केंद्र १८०३ च्या सुमारास फोर्ट विल्यम येथे हलविण्यात आले. यूरोपात टोप्यांसाठी बीव्हरच्या फरला मोठी मागणी होती. पिजन नदीवरील धबधबे टाळण्यासाठी नावाडी प्रत्येकी सु. ४१ किग्रॅ. वजनाचे दोन गठ्ठे एका वेळी पाठीवर घेऊन सु. १३.७ किमी. वाट तुडवीत. १९५८ मध्ये हे राष्ट्रीय स्मारक ठरले. त्यासाठी ओजिब्वे जमातीने जमीन दिली. पुनर्रचित सभागृहात व स्वयंपाकघरात तत्कालीन वेशातील मार्गदर्शक जुनी कामे करून दाखवितात. १९९९ पासून जमातही व्यवस्थापनात सहभागी आहे. त्यामुळे व्यापाऱ्यांच्या वैभवाबरोबरच, ज्यांच्या होड्या व वाटा यांवर ते उभे राहिले, त्या ओजिब्वे लोकांचे जीवनही अभ्यागतांना समजते.